'काय म्हणून नाही?' : दुसऱ्या अपिलाचा उंबरठा

२०१४ च्या श्रावणात कामशेत स्टेशनच्या फलाटावर तात्यांनी माझ्या हातात दोन कागद ठेवले. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पवन मावळातल्या आमच्या गावी त्यांचे भातखाचर आमच्या खाचराच्या खालच्या अंगाला, आणि मधल्या बांधावरून दोन घरांत सव्वीस वर्षे दावा. वडगावच्या कोर्टात ते हरले, पुण्याला जिल्हा न्यायालयात हरले, आणि आता मुंबईहून हायकोर्टाचा कागद आला होता. ज्या घराविरुद्ध ते हरले, त्याच घरातल्या पुतण्याकडे तो कागद घेऊन ते आले होते. इंग्रजी वाचून दाखवील आणि खोटे सांगणार नाही असे माणूस त्यांना दुसरे दिसत नव्हते. मी लोणावळ्याला शाळेत मराठी शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो.

"नाही म्हनलं, ते वकिलांनी सांगितलं. पन काय म्हून नाही म्हनलं, ते वाच."

मी वाचले. दीड पानाचा मजकूर. पहिल्या परिच्छेदात पक्षकार आणि दाव्याचा क्रमांक. दुसऱ्यात एवढेच, की खालच्या दोन्ही न्यायालयांनी पुरावा पाहून एकच निष्कर्ष काढला आहे. तिसऱ्यात, की यातून कायद्याचा सारभूत प्रश्न उद्भवत नाही, सबब अपील फेटाळले, खर्चाबाबत हुकूम नाही. मी वाक्यागणिक मराठी करून सांगत होतो. तात्या मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "पान्याचं काय लिवलंय?"

पाण्याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. मी तसे सांगितले. पुण्याची लोकल आली. तात्या उठले, कागदांची घडी टोपीत घातली आणि गेले.

हा लेख त्या फलाटावरच्या प्रश्नातून निघाला. मी वकील नाही. आयुष्यभर मुलांना उताऱ्यावरील प्रश्न सोडवायला शिकवले, तेव्हा मजकूर वाचण्याची सवय तेवढी आहे. मावळात आणि बाहेरही हजारो घरांत असे दीड-दोन पानांचे कागद पत्र्याच्या ट्रंकांत पडून आहेत. शिवाय कोर्टाविषयीचे आपले साहित्य या कागदापर्यंत कधी आलेच नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे' असो, की चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट, आपली कल्पना साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी रमते. तिथे प्रश्न विचारले जातात, माणूस बोलतो किंवा बोलत नाही, नाट्य तिथे आहे. वरच्या कोर्टात एखादे प्रकरण 'ऐकावे की न ऐकावे' एवढेच ठरवण्याची जी काही मिनिटे असतात, त्यांत नाट्य दिसत नाही. पण पक्षकाराच्या आयुष्यात दार बंद होते ते त्या मिनिटांत.

आधी जिना कसा आहे ते पाहू. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात पहिले अपील करता येते. तो पक्षकाराचा हक्क आहे. तिथे पुरावा पुन्हा तपासला जातो, साक्ष खरी की खोटी हे पुन्हा ठरते. त्यावर हायकोर्टात जे जाते ते दुसरे अपील. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम १००. येथे हक्काचे स्वरूप बदलते. निकाल चुकला एवढे म्हणून भागत नाही. त्या चुकीत कायद्याचा प्रश्न आहे आणि तो 'सारभूत' आहे, असे दाखवावे लागते. वकील मंडळी त्याला बोलण्यात 'सबस्टॅन्शिअल क्वेश्चन' म्हणतात आणि मराठी बोलतानाही तो शब्द तसाच ठेवतात.

हा उंबरठा आरंभी इतका उंच नव्हता. १८५९ च्या संहितेत याला 'स्पेशल अपील' म्हणत. पुढच्या संहितांत 'दुसरे अपील' हे नाव आले. खालचा निकाल कायद्याच्या विरुद्ध असेल किंवा कार्यपद्धतीत मोठा दोष असेल, तर हायकोर्टाने पाहावे अशी ती व्यवस्था होती. तेव्हाही वस्तुस्थितीच्या निष्कर्षाला हात लावायचा नव्हता. १८९० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बजावले होते, की वस्तुस्थितीविषयीचा निष्कर्ष कितीही ढोबळ, कितीही अक्षम्य चुकीचा असला तरी दुसऱ्या अपिलात त्याची दुरुस्ती करता येणार नाही. तरीही 'कायद्याचा दोष' ही फट रुंद होती, आणि हायकोर्टे त्या फटीतून बऱ्याच गोष्टी पाहत. विधी आयोगाने १९७३ च्या आपल्या ५४ व्या अहवालात ती अरुंद करायला सांगितले. १९७६ ची दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून आजचे कलम लागू झाले. आता अपीलकर्त्याने आपल्या अर्जात सारभूत प्रश्न नेमका मांडायचा. न्यायालयाची खात्री पटली तर न्यायालय तो प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहून काढणार आणि अपिलाची सुनावणी त्याच प्रश्नावर होणार. सुनावणीत दुसरा सारभूत प्रश्न निघाला, तर कारणे नोंदवून त्यावरही ऐकता येते.

'सारभूत' म्हणजे काय? याचे माप मावळातल्या शेतकऱ्याला कुठून मिळाले पाहा. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे मुंबईची एक कापडगिरणी, सेंच्युरी, आणि सर चुनिलाल मेहता यांची मॅनेजिंग एजन्सी कंपनी यांच्यातल्या कराराचे भांडण आले. एका कलमाचा अर्थ कसा लावायचा, हा वाद. मुंबई हायकोर्टाने तो प्रश्न सारभूत नाही म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि जाता जाता माप घालून दिले. प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असेल, किंवा पक्षकारांच्या हक्कांवर त्याचा थेट आणि भरीव परिणाम होत असेल, आणि तो अजून मोकळा असेल किंवा त्यात दोन बाजू संभवत असतील, तर तो सारभूत. तत्त्व ठरलेले असून ते फक्त लागू करायचे असेल, तर नाही. कलम १०० ची नवी भाषा या मापानेच वाचली जाते. २००१ मध्ये संतोष हजारी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात एक मोलाची गोष्ट स्पष्ट केली. संसदेने 'सारभूत' म्हटले आहे, 'सार्वत्रिक महत्त्वाचा' असे म्हटलेले नाही. म्हणजे प्रश्न साऱ्या राज्याचा असण्याची गरज नाही. दोन भावांच्या बांधातही सारभूत प्रश्न असू शकतो. निकाल त्यावर फिरला पाहिजे आणि तो वादक्षम पाहिजे, इतकेच.

इथे एक भेद करायला हवा. माझ्या वाचण्यात आलेल्या मराठी लेखांत तो नेहमी पुसला जातो. दुसरे अपील ही न्यायालयाची मर्जी नाही. मर्जी आहे ती दिल्लीत. संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष परवानगी देणे न देणे हा सर्वोच्च न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आहे. त्याला नियमांत बांधा, अशी मागणी घटनापीठापर्यंत गेली होती. २०१६ मध्ये घटनापीठाने तसे बांधून घ्यायला नकार दिला. अमेरिकेत १९२५ च्या कायद्यापासून तिथले सर्वोच्च न्यायालय बहुतेक प्रकरणे आपल्या पसंतीने निवडते. नऊपैकी चौघांनी हो म्हटले तर प्रकरण ऐकायचे, नाहीतर एका ओळीत नकार. पण त्या नकाराचा अर्थ तिथे ठरलेला आहे: खालचा निकाल बरोबर होता असे आम्ही म्हटलेले नाही, आम्ही फक्त तो ऐकला नाही. आपल्याकडेही २००० च्या एका निकालाने विशेष परवानगीच्या मूक नकाराला जवळपास तोच अर्थ दिला. कलम १०० चे तसे नाही. तिथे शब्द 'खात्री' असा आहे. प्रश्न असेल तर अपील ऐकावेच लागेल. नसेल तर ऐकताच येणार नाही. कायद्याच्या कागदावर ही मर्जी नव्हे, परीक्षा आहे. आणि परीक्षा असेल तर उत्तरपत्रिकेवर शेरा हवा, एवढेच माझे मास्तरकीचे म्हणणे.

हे म्हणणे माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा फार अधिकाराने मांडले गेले आहे, तेही मुंबई हायकोर्टाला उद्देशून. १९५३ मध्ये मुश्ताक हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या फौजदारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्या अपिलात वाद करण्याजोगे मुद्दे आहेत ते हायकोर्टाने असे झटपट फेटाळायला नको होते. पुढे १९७० मध्ये गोविंदा कडतुजी कदम यांच्या प्रकरणात तेच. हायकोर्टाचा आदेश एका शब्दाचा होता: 'फेटाळले'. १९७२ मध्ये महादेव तुकाराम वेताळे यांच्या दिवाणी प्रकरणात पुन्हा तेच. ही सगळी पहिली अपिले होती, दुसरी नव्हेत. तिथे तर पुरावाही पाहायचा असतो. पण कान पिळले गेले ते एका शब्दाच्या सवयीबद्दल. न्यायाधीशांनी विचार केला नसेल असे सर्वोच्च न्यायालय म्हणत नव्हते. विचार केला तो कागदावर दिसत नाही, आणि मग वरच्या न्यायालयाला तरी काय तपासता येणार, असा तो मुद्दा होता. २०२१ मध्ये दुसऱ्या अपिलाविषयीही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दाखल करून न घेता फेटाळतानाही कारणे द्यायला हवीत. १९५३ ते २०२१ हे अंतर पाहिले की वाटते, सवय माणसांची नाही, लेखनप्रकाराची आहे.

त्या लेखनप्रकाराकडे मी थोडा वेळ वाङ्मयीन दृष्टीने पाहतो. त्यात कर्ता नसतो. 'हस्तक्षेपाची आवश्यकता दिसत नाही', 'प्रश्न उद्भवत नाही'. कुणाला दिसत नाही, कुठे शोधला, हे वाक्यरचनेतच विरघळते. 'उद्भवणे' हे क्रियापद तर मोठे चमत्कारिक आहे. झरा उद्भवतो, देवी स्वयंभू उद्भवते. प्रश्न मात्र कुणीतरी विचारावा लागतो. दुसरे, त्यात वस्तू नसतात. बांध, पाणी, आंबा, मोजणीचा दगड यांतले काही शिल्लक राहत नाही; उरतात ते 'दावा मिळकत', 'एकमुखी निष्कर्ष', 'पुराव्याचे मूल्यमापन'. ज्याच्यासाठी कागद लिहिला त्याला आपले भांडण त्यात ओळखू येत नाही. तात्यांना आले नाही.

डॉ. वि. त्रिं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये काढला. योगायोगाने मुश्ताक हुसेनचेच वर्ष. तो ग्रंथ वाचताना मला सर्वांत जाणवली ती महजराची घडण. वतनाचे भांडण गोतापुढे आले की दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत, म्हणजे निवाडा मान्य करू असे लिहून घेत. मग दोघांचे करीने, म्हणजे आपापली हकीकत, लिहून घेत. मग साक्षी. आणि महजरात हे सगळे उतरत असे. हरणाऱ्याची हकीकतही जिंकणाऱ्याच्या हकीकतीशेजारी त्याच कागदात कायम होत असे. मग हरलेल्याकडून यजितखत, जिंकलेल्याला निवाडपत्र. निवाडा पटला नाही तर परस्थळ मागता येई, म्हणजे भांडण दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढे नेता येई. ती व्यवस्था आदर्श होती असे मला सुचवायचे नाही. तिथे हरकी आणि गुन्हेगारी म्हणून दोन्हीकडून पैसे जात, तापलेल्या धातूला हात लावून खरेपणा सिद्ध करण्याचे दिव्य होते, आणि जातीच्या उतरंडीत ज्याची पायरी खालची त्याची हकीकत कोण लिहून घेत होते हा प्रश्न आहेच. मला फक्त कागदाविषयी बोलायचे आहे. जुन्या निवाड्यांत 'मनास आणून' असा शब्दप्रयोग भेटतो: अमुक गोष्ट मनास आणून, तमुक मनास आणून, निवाडा केला. काय काय मनास आणले, ते सांगितलेले असते.

(मावळात कागदाची आच फार जुनी आहे. कार्ल्याच्या लेण्यात एका गावाच्या दानाचा शिलालेख आहे आणि सत्ता बदलल्यावर ते दान पुन्हा कायम केल्याचा आदेशही आहे. त्यात या मुलखाचे नाव मामलाहार असे येते. खडकात कोरलेल्या दानालाही पुन्हा मंजुरी लागली.)

पण मर्जीचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा, धडा याच पुणे जिल्ह्यात आहे. १८७५ मध्ये सुप्याला दंगा झाला, सावकारांचे दस्तऐवज जाळले गेले आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. मावळ तालुका त्यात आला. या कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणाखालच्या दाव्यांना अपीलच नव्हते. पहिलेही नाही, दुसरेही नाही. आजच्या कानांना हे जुलमी वाटेल. पण त्याऐवजी जे ठेवले होते ते पाहावे. जिल्हा न्यायाधीश आणि त्यांच्यावर नेमलेले विशेष न्यायाधीश यांना अधिकार होता, की खालच्या कोर्टाचा कोणताही निकाल कायदेशीर आहे का, आणि योग्य आहे का, याची खात्री करण्यासाठी कागद मागवावेत आणि योग्य तो हुकूम करावा. 'कायदेशीर' या शब्दाला 'योग्य' हा शब्द जोडलेला होता. आणि हे काम बसल्या जागी करायचे नव्हते. महादेव गोविंद रानडे १८८१ मध्ये या कामावर प्रथम आले ते साहाय्यक म्हणून, पुणे-सातारा भागातली कोर्टे तपासायला. १८८७ ते १८९३ ते स्वतः विशेष न्यायाधीश होते. पुढे तेलंगांच्या जागी हायकोर्टात गेले. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' या पुस्तकातले दौऱ्याचे दिवस आपण घरगुती प्रसंगांसाठी वाचतो. मी ते अलीकडे पुन्हा वाचले ते या दृष्टीने, की हा एक वरचा न्यायाधीश खालच्या कोर्टांच्या दारी जातो आहे.

हक्क नसताना न्यायालय स्वतःहून खाली येते, आणि हक्क असताना वर जाणाऱ्याला उंबरठ्यावर तपासले जाते. स्वेच्छाधिकाराची ही दोन तोंडे आहेत. तात्यांसारख्या माणसाला कोणते तोंड सोयीचे? मुंबईच्या वकिलाची फी, टंकलेखन, भाषांतर, कामशेतहून लोकलने लोणावळा आणि तिथून पुढे मुंबईची गाडी, एका तारखेमागे एक दिवसाची मजुरी. हे सगळे भरल्यावर पदरी पडते ते 'सारभूत प्रश्न आहे का' या परीक्षेला बसण्याचे तिकीट. रानड्यांच्या वेळची व्यवस्था फार टिकली नाही, हेही खरे. सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखते करून घ्यायला सुरुवात केली, तोंडी 'परत देईन' म्हणायचे आणि कागदावर विक्री. त्यावर कायद्याला पुन्हा दुरुस्ती करावी लागली. पण सगळ्या जुन्या गोष्टींत ही एक गोष्ट, 'योग्य आहे का' हे विचारण्याचा अधिकार, आजच्या दुसऱ्या अपिलात कुठेच उरलेली नाही.

माझे एक वकील स्नेही आहेत, पुण्याला शिवाजीनगर कोर्टात चाळीस वर्षे काढलेले. लेखाचा कच्चा खर्डा त्यांना दाखवला तर ते हसले. म्हणाले, "मास्तर, तुमच्या तात्यांचं ऐकलं तर मावळातला प्रत्येक बांध मुंबईला जाईल. एक्स्प्रेस वे झाल्यापासून तर जाईलच. पूर्वी हातभर बांध सोडून देत होते, आता हातभराला लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांचा भाव आहे. कुठंतरी दावा संपला पाहिजे की नाही? जिंकणाऱ्यालाही आयुष्य असतं." हे मला मान्य आहे. जिंकणारे आम्हीच होतो. माझ्या वडिलांनी सव्वीस वर्षांत त्या बांधावर एक झाड लावले नाही, कारण उद्या काय होईल याचा भरवसा नव्हता. दावा संपायलाच हवा होता. दुसरे अपील २००४ साली दाखल झाले आणि 'दाखल करून घ्यावे का' एवढे ठरायला दहा वर्षे लागली. उंबरठा उंच केला तो दारातली गर्दी कमी व्हावी म्हणून. गर्दी दारात तशीच उभी राहिली.

स्नेह्यांनी आणखी एक मुद्दा काढला. तो मला अधिक बोचला. "आदेशात कारण नव्हतं असं तुम्ही म्हणता. कारण होतं. दोन्ही कोर्टांचा निष्कर्ष एकच आहे, हे कारण नाही का?" आहे. कायद्याने पुरेसे आहे. मी त्यांना म्हटले, की दोन्ही कोर्टांनी एकच उत्तर दिले हे खरे, पण दोघांनी एकच प्रश्न चुकीचा वाचला असेल तर?

हे मी हवेत बोलत नव्हतो. वडील २०२० मध्ये गेले. पुढच्या वर्षी टाळेबंदीत गावी अडकलो असताना त्यांची ट्रंक उघडली. त्यात दाव्याचे सगळे कागद होते, अगदी १९८८ च्या मूळ दावाअर्जाची आम्हाला मिळालेली नक्कल. तो मराठीत होता. मावळात दावे तेव्हाही मराठीतच लिहिले जात. तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची असली तरी पक्षकाराची भाषा तिच्याही आधीपासून मराठीच होती. निकाल मात्र इंग्रजीत, मुद्दे इंग्रजीत. तात्यांच्या दावाअर्जात एक वाक्य होते: सदर बांधावरून वादीची वहिवाट पूर्वापार चालू आहे.

मी ते तीनदा वाचले. 'वहिवाट' हा आपल्याकडे दुधारी शब्द आहे. जमिनीची वहिवाट म्हणजे ताबा, कसणूक. वाटेची किंवा पाण्याची वहिवाट म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून जाण्याचा, नेण्याचा हक्क. कोणता अर्थ, हे शेजारचा प्रत्यय सांगतो. बांधा*वर* वहिवाट असेल तर बांध माझ्या ताब्यात आहे. बांधा*वरून* वहिवाट असेल तर बांध तुझा असेना का, माझी ये-जा किंवा माझे पाणी त्यावरून जाते. भातखाचरात बांध ही नकाशावरची रेघ नसते. तो रुंद असतो, त्यावर गवत असते, आणि वरच्या खाचरातले पाणी खालच्यात सोडायला त्याला एक तोंड असते. आषाढात ते तोंड कुणी उघडायचे आणि कुणी बुजवायचे, यावर खालच्या माणसाची लावणी अवलंबून. तात्या ते तोंड मागत होते. बांध मागतच नव्हते.

न्यायालयाने काढलेल्या पहिल्या मुद्द्याचे इंग्रजी पाहिले, तर तिथे आले होते 'ओव्हर द बंड' आणि आधी 'पझेशन'. इंग्रजी 'ओव्हर' मध्ये 'वर' आणि 'वरून' दोन्ही मावतात, म्हणून भाषांतर करणाऱ्याला काही खटकले नसावे. त्या एका शब्दानंतर दावा ताब्याचा झाला. मग भूमी अभिलेखाची मोजणी आली, बांध आमच्या गटात निघाला (तो आमचाच होता, त्यात शंका नाही), ताबा आमचा ठरला, दावा फेटाळला. पहिल्या अपिलात तोच मुद्दा, तेच उत्तर. हायकोर्टातल्या अपिलाच्या अर्जातही तात्यांच्या वकिलांनी जे प्रश्न मांडले ते मोजणीच्या नकाशाविषयी होते, पाण्याविषयी नव्हते. मुंबई हायकोर्टात मराठी जाणणारे न्यायाधीश पुष्कळ. पण उंबरठ्यावर त्यांच्यापुढे असतो तो अर्ज, आणि तो इंग्रजीत असतो. अनुच्छेद ३४८ प्रमाणे तिथली भाषा ती आहे. न्यायाधीशांनी समोरच्या कागदाला अचूक उत्तर दिले. समोरच्या कागदात प्रश्नच नव्हता.

स्नेह्यांना मी हे दाखवले. ते बराच वेळ चष्मा काढून बसले. मग म्हणाले, की पाण्याच्या हक्कासाठी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षांचा उघड, बिनविरोध, हक्काने केलेला उपभोग मांडावा लागतो. दावाअर्जात तसा नीट मांडलेला नाही. कदाचित तात्या तरीही हरले असते. "पण," ते म्हणाले, "मुफस्सलातली कैफियत शब्दांच्या काट्यावर तोलू नये, सगळी मिळून वाचावी, असं सुप्रीम कोर्ट कितीदा सांगत आलंय. दावाअर्ज चुकीचा वाचून मुद्दा काढला, हा सारभूत प्रश्न होऊ शकला असता. मी उभा असतो तर तो मांडला असता." हे ऐकून बरे वाटावे की वाईट, मला कळेना. आम्ही सव्वीस वर्षे एका प्रत्ययावर जिंकत होतो.

आणि म्हणून मला तो दीड पानाचा आदेश अपुरा वाटतो. न्यायाधीश चुकले म्हणून नव्हे. त्यात तात्यांचे म्हणणे दोन ओळींत जरी लिहिलेले असते, महजरातल्या करीन्यासारखे, तर फलाटावर वाचतानाच तात्या म्हणाले असते, "अरे, हे माझं नव्हंच." चूक त्याच दिवशी सापडली असती. फेरविचाराचा अर्ज करायला तेव्हा तीस दिवसांची मुदत असते. दिल्लीला जायला नव्वद. कारण लिहिणे हे हरणाऱ्याचे सांत्वन म्हणून मागितले जाते असे सर्वांना वाटते. मला वाटते त्याचा उपयोग याहून रोकडा आहे. आपले म्हणणे न्यायालयाला कसे ऐकू आले, हे तपासण्याचे ते एकमेव साधन आहे, आणि हे तपासू शकणारा माणूस बहुधा एकच असतो. तो इंग्रजी जाणत नाही.

तात्या २०१७ मध्ये गेले, म्हणजे मी ट्रंक उघडण्याच्या चार वर्षे आधी. त्यांनी 'पान्याचं काय लिवलंय' म्हणून विचारले, तेव्हा मी फक्त कागदात नाही एवढे सांगितले. पाण्याचा प्रश्न ते का विचारत आहेत, हे त्यांना विचारले नाही. शिकवण्याच्या नोकरीत उताऱ्यावरचा प्रश्न नीट वाचा, असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत होतो.

गेल्या वर्षी गणपतीत त्यांच्या मुलाला, माझ्या चुलतभावाला, मी हे सगळे सांगितले. दावाअर्ज दाखवला, तो प्रत्यय दाखवला. त्याने कागद हातात घेतला नाही. "दादा, आता काय करायचं ते?" एवढेच म्हणाला. खालचे खाचर त्याने तीन वर्षांपूर्वी विकले. तिथे मुंबईच्या एका कुटुंबाचा शनिवार-रविवारचा बंगला उभा आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि जिथे बांध होता तिथे आठ फुटी भिंत. भिंतीखालून पावसाचे पाणी जायला त्यांनी सिमेंटची नळी टाकली आहे. आमच्या खाचरातले पाणी आषाढात त्या नळीतूनच खाली जाते. तोंड उघडायला कुणाला विचारावे लागत नाही.